ठेवलेली हलगी

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत रूपाचं डीटीपीचं दुकान आहे. काचेवर तिनं स्वतः टाइप करून तीन सूचना चिकटवल्यात. ‘मोबाईलवर बोलत आत येऊ नये.’ ‘अर्जंट असेल तर काल यायचं होतं.’ आणि तिसरी, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, ‘मजकूर तुमचा, चुकाही तुमच्या.’ लोक म्हणतात, बाईला गोड बोलता येत नाही. हे साफ खोटं आहे. येतं तिला. ती बोलत नाही, एवढंच.

बावीस वर्षं तिनं याच खुर्चीत बसून लग्नपत्रिका जुळवल्या, विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध सुधारले, दशक्रियेच्या चिठ्ठ्या छापल्या. शहराचं नाव बदललं तेव्हा लेटरहेडं आणि कार्डं बदलून घ्यायला अशी रांग लागली, की दोन आठवडे ती दुपारी दुकानातच जेवली. तिची एक खोड आहे. मजकूर कुठं बसणार हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती त्याला हात लावत नाही. पत्रिका असेल तर कार्ड दाखवा, पाटी असेल तर भिंत दाखवा. कुणी कुरकुर केली, की म्हणते, "भिंत न बघता पाटी लिहिणारे उंटावरचे शहाणे गल्लीत लई आहेत. त्यांच्याकडं जा."

इंद्रजीत तिच्याकडं आला तो अशीच कुरकुर करत. वय एकोणतीस, दाढी कोरलेली, शिक्षण पुण्याचं. सिडकोतल्या आपल्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर तो आणि त्याचे तीन मित्र मिळून एक व्हिडिओ गेम बनवत होते. गेमचं नाव ‘वेस’. त्यातल्या सहाशे ओळींचं मराठी त्याला तपासून हवं होतं, कारण त्याचं स्वतःचं मराठी इंग्रजी शाळेत जाऊन आल्यापासून जरा आजारीच होतं.

रूपानं पहिलं पान उघडलं. पहिलीच ओळ होती, ‘सावरवाडी. इथं आता कुणी राहत नाही.’

ती ओळ तिनं दोनदा वाचली. सावरवाडी वैजापूर तालुक्यातली, आणि रूपा सावरवाडीची. एके काळी तिथं कापसाचं जिन होतं, मंगळवारचा बाजार भरायचा, एसटी मुक्कामाला यायची. मग मोठा रस्ता बाहेरून गेला, जिन भंगारात गेलं, बाजार फाट्यावर सरकला आणि माणसं वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांमागं निघून गेली. आज शाळेत नऊ पोरं आणि दोन मास्तर आहेत. रूपानं गाव सोडलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिचा बाप पुंडलिक आज ब्याऐंशीचा आहे आणि गावाबद्दल एकच वाक्य बोलतो, "गाव तसं चांगलं, पण वेशीला टांगलं." त्यापुढं सहसा तोंड उघडत नाही.

आपण तिथल्याच, हे रूपानं इंद्रजीतला सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मजकूर कुठं बसतो ते दाखवा. मग बघू."

दुसऱ्या दिवशी ती सिडकोत गेली. भिंतीएवढ्या पडद्यासमोर तिला बसवलं, हातात कंट्रोलर दिला. गेममध्ये एक नातू खूप वर्षांनी ओसाड गावात परत येतो. ज्या घराचं दार उघडेल, त्या घराची एक आठवण त्याला ऐकू येते. रूपानं कंट्रोलर सवतीचं पोर घ्यावं तसा धरला होता. पण वेस दिसली आणि तिचं अंग सैल पडलं. तीच दगडी कमान, तीच डावीकडची चिंच, कमानीखालचा तोच झिजलेला उंबरा. मग पिठाच्या चक्कीचा आवाज आला, इंजिन सुरू होताना खोकायचं अगदी तसाच, आणि तिचे डोळे भरून आले. तिला स्वतःचाच भयंकर राग आला. या चक्कीसाठी रडावं, असं त्या चक्कीनं तिच्या घराचं काय भलं केलं होतं?

मग ती घराघरांत शिरली. पाटलाचा सोपा, देवघर, माजघर, स्वयंपाकघर. चुलीवर रचलेली भांडी. शाळेला जाताना या दारावरून हजार वेळा गेलेले तिचे पाय कधी ही पायरी चढले नव्हते. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ती पहिल्यांदा पाटलाच्या स्वयंपाकघरात गेली, तीही बटण दाबून.

"छान वाटतंय ना, रूपाताई?" इंद्रजीत म्हणाला. "हे आमचं घर. आजीनं एकेक भांडं सांगितलंय."

रूपानं त्या नातवाला वेशीबाहेर काढलं आणि ओढ्याकडं वळवलं. ओढ्यापल्याड सात घरांची बौद्धवस्ती होती. सातवं घर तिचं. ओढ्याच्या काठावर नातू थांबला. तिनं बटण दाबून धरलं. तो जागच्या जागी पाय हलवत राहिला, पुढं काही जाईना.

"तिकडं नाही जाता येत," इंद्रजीत म्हणाला. "मॅप तिथं संपतो. कुठंतरी संपवावा लागतोच ना."

"बरोबर ओढ्यावरच संपला," रूपा म्हणाली. "तुमच्या आज्याच्या वेळी बी तिथंच संपायचा."

इंद्रजीत कसनुसा हसला. त्याला वाटलं, बाईंचा स्वभाव असेल. विषय बदलायला त्यानं शेवटचा प्रसंग लावला. पोळ्याचा दिवस. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण, शिंगं रंगवलेले बैल, गेलेली सगळी माणसं परत आलेली, आणि सगळ्यांत पुढं एक तरणाबांड हलगीवाला. चौकोनाचं बटण दाबलं की तो हलगीवर टिपरी मारायचा आणि मिरवणूक एक पाऊल पुढं सरकायची. दाबायचं थांबलं, की सगळं गाव बैलांसकट थांबायचं.

"आमच्याकडं जुना फोटो होता, त्यावरून केलाय," इंद्रजीत म्हणाला. "नाव काही मिळालं नाही."

हलगीवाल्याच्या डाव्या कानाची अर्धी पाळी तुटलेली होती. लहानपणी बैलाचं शिंग लागून तुटलेली ती पाळी रूपा रोज सकाळी चहा देताना बघते. तो तिचा बाप होता.

आता इथं थोडं मागं जावं लागेल. सावरवाडीत पोळ्याची हलगी पुंडलिकाच्या घराण्याकडं होती. मान म्हणायचे त्याला. असला मान, की वेशीतून वाजवत बैल आणायचे, पण पुरणाची पोळी ओट्याखाली उभं राहून पदरात घ्यायची. धर्मांतर झालं, वस्तीनं देव सोडले, मेलेली गुरं ओढायची कामं सोडली, पण हलगी कशी कोण जाणे रेंगाळली. अकरा वर्षांनी, पंचवीस वर्षांच्या पुंडलिकानं ऐन पोळ्याला ती नेऊन चावडीच्या पायरीवर ठेवली. भांडण नाही, भाषण नाही. "ही तुमची. वाजवा," एवढं बोलून तो ओढा ओलांडून घरी आला. पुढं त्यानं रस्त्याची खडी फोडली, वाळूजला पॅकिंगमध्ये कंबर मोडली, चार पोरं शिकवली. पण आयुष्यात आपण केलेलं काम कोणतं, असं विचारलं तर तो हे एकच सांगायचा. आणि या दाढीवाल्यानं साठ वर्षांनी ती हलगी पुन्हा त्याच्या गळ्यात घातली होती.

रूपाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं कंट्रोलर टेबलावर आपटला.

"हे काढा."

"काय काढा?"

"हलगी. माझ्या बापाच्या गळ्यातली."

तिनं सगळं सांगितलं. इंद्रजीतचा विश्वास बसला नाही. आजीनं पोळ्याचं सगळं सांगितलं, हे कसं नाही सांगितलं? तो खाली गेला आणि आजीला हाताला धरून वर घेऊन आला. सारजाबाई ऐंशीच्या, पाटलाच्या घरातली थोरली सून. खुर्चीत बसल्या आणि रूपाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तू पुंडल्याची का गं?"

"पुंडलिकरावांची," रूपा म्हणाली.

सारजाबाईंनी ते ऐकलं आणि गिळलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातल्या त्या. पण खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.

"खरंय तिचं," त्या नातवाला म्हणाल्या. "नाय वाजवली त्यानं. बैल सजून उभे, घराघरात पुरणाचा सैपाक, अन् वाजवायला कुणी नाय. मामंजींनी मग गड्याच्या हातात तेलाचा डबा दिला, म्हणले बडव. डब्याच्या आवाजानं बैल असे बुजले, मानाचा बैल तोरण न तोडताच गोठ्यात पळाला. लई हसं झालं." त्या स्वतःही हसल्या, आणि मग थांबल्या. "मंग आठ म्हयने त्यांना चक्की बंद ठिवली. दळण घिऊन तालुक्याला जायची ती लोकं, डोक्यावर. चक्कीवाल्याला निरोप मीच सांगितला होता, मामंजींचा. पाटलाचं घर होतं. करावं लागायचं."

"आजी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू पोळा कसा व्हायचा ते इचारलंस. कसा झाला नाय, ते कुठं इचारलंस?"

रूपाला वाटलं, आता तरी पोरगा समजेल. पोरगा समजला, पण आपल्या सोयीनं.

"रूपाताई, माझं ऐका," तो म्हणाला. "शेवट आता बदलता येणार नाही. पंधरा दिवसांनी गावकऱ्यांना दाखवायचाय. शिवाय तो प्रसंग इतका सुंदर झालाय! पण आपण एक करू. बाबांचं नाव टाकू. मोठ्या अक्षरांत. आणि त्यांचा सत्कारच करू ना स्टेजवर."

"कशाबद्दल सत्कार?"

"त्यांच्या कलेबद्दल."

"ज्या गोष्टीवर थुंकून माणूस घरी येतो, तिच्याबद्दल शाल देणार तुम्ही त्याला?"

"तुम्ही फार कडवट बोलता."

"मी अजून बोलले कुठं?" रूपा म्हणाली. तिनं सहाशे ओळींचा गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला. "चुका तशाच राहू द्या. शोभतात."

तिला वाटलं, प्रकरण तिथं मिटलं. पण चौथ्या दिवशी भावसिंगपुऱ्यातल्या तिच्या घरासमोर एक पांढरी गाडी थांबली. साहेबराव उतरले, सावरवाडी रहिवासी मित्रमंडळाचे अध्यक्ष. गावात बारा एकर, शहरात तीन फ्लॅट, आणि तोंडात कायम ‘आपलं गाव’. ज्यांनी गाव सोडलं त्यांचं दर वर्षी बीड बायपासवरच्या एका लॉनवर स्नेहसंमेलन होतं, आणि गावच्या आठवणींनी सगळ्यांत जास्त गळे तिथंच काढले जातात. त्याचं निमंत्रण घेऊन ते आले होते. या साठ वर्षांत गावानं बौद्धवस्तीतल्या माणसाला दिलेलं पहिलंच.

"पुंडलिकबाबा, तुमचा मान आहे," ते म्हणाले. "तुम्ही फक्त यायचं."

"अन् काय करायचं?" पुंडलिकानं विचारलं.

"काही नाही हो. एक रिमोट असतो, त्याचं बटण दाबायचं. पडद्यावर हलगी वाजते आणि पोळा निघतो. तुमच्याच हातानं व्हावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे."

रूपा आतून बाहेर आली ती लाटणं हातात घेऊनच. पण ती बोलायच्या आत पुंडलिक म्हणाला, "येतो."

गाडी गेल्यावर ती बापावर तुटून पडली. "आबा, कळतंय का तुम्हाला? ते तुम्हाला परत वाजवायला लावायलेत. अख्ख्या गावासमोर."

"कळतंय की."

"मंग कामून जायलेत?"

"बोलावलंय म्हणून."

यापुढं तो काही सांगेना. रूपाला धास्तीच बसली. बाप म्हातारा झाला होता. गेल्या वर्षी विहारात पोरांनी त्याचा सत्कार केला, तर ती शाल तो चार महिने उशाला घेऊन निजायचा. माणूस खडी फोडून वाकत नाही, पण दोन गोड शब्दांनी विरघळतो, हे तिनं दुकानात पुष्कळ पाहिलं होतं. त्यानं एकदा बटण दाबलं, की झालं. सावरवाडी मोकळी. मग पुढं कुणीही म्हणेल, बघा, तेव्हा उगाच रुसला होता, शेवटी वाजवलीच की. आठ महिने तालुक्यापर्यंत डोक्यावरून नेलेलं दळण एका टिपरीत पुसलं जाणार होतं.

संमेलनाच्या रविवारी सकाळी अकराला लॉन गच्च भरलं होतं. फेटे, पैठण्या, मसालेभाताचा वास. रूपा बापाला घेऊन आली आणि मागं खांबाला टेकून उभी राहिली. खुर्ची दिली ती तिनं घेतली नाही. पडद्यावर वेस उजळली तशी माणसं हळहळली. जिन दिसलं तेव्हा एक म्हातारा हुंदके देऊन रडला. ज्यांनी रस्त्यात जमीन गेली तेव्हा मोबदला उचलून पहिल्या झटक्यात शहर गाठलं, ते सगळ्यांत जोरात डोळे पुसत होते. रूपाला वाटलं, एवढं प्रेम होतं तर राहायचं होतं तिथंच, कुणी हाकललं होतं? आणि ज्यांना हाकललं, त्यांनी कुठं रडायचं?

पुंडलिकाला स्टेजवर नेलं. पांढरा सदरा, पांढरं धोतर. साहेबरावांनी शाल घातली, नारळ दिला. पुंडलिकानं दोन्ही घेतलं, मान हलवली. रूपानं खांबाला नखं रोवली. इंद्रजीतनं त्याच्या हातात कंट्रोलर दिला, शेजारी वाकून बटणं दाखवली आणि माइक जवळ धरला.

म्हाताऱ्यानं त्या पडद्यावरच्या नातवाला वेशीतून आत नेलंच नाही. त्यानं त्याला ओढ्याकडं वळवलं. काठावर नातू थांबला आणि जागच्या जागी पाय हलवू लागला.

"हितून पुढं जाईना," पुंडलिक म्हणाला. माइकमधून ते लॉनभर ऐकू गेलं.

"बाबा, तिकडं काही नाही. इकडं वेशीकडं या."

"माझं घर तिकडं हाय."

इंद्रजीतनं घाईनं हात लावून नातू वेशीसमोर आणून उभा केला. तोरण हललं, बैल आले, आणि बैलांपुढं पंचवीस वर्षांचा पुंडलिक हलगी गळ्यात घालून उभा राहिला. ब्याऐंशीचा पुंडलिक त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिला.

"कान बराबर काढलाय," तो म्हणाला.

लोक हसले. वातावरण सैल झालं. साहेबरावांनी टाळीचा ठेका धरला, सगळ्या लॉननं तो उचलला. "दाबा बाबा, चौकोन दाबा," इंद्रजीत म्हणाला. म्हाताऱ्याचा अंगठा बटणावर आला. रूपानं डोळे मिटले नाहीत, पण तिला मिटावेसे वाटले.

"वाजवायचं हे बटण," पुंडलिक म्हणाला. "ठेवायचं कोणतं?"

"म्हणजे?"

"हलगी. खाली ठेवायची आसंल तर कोणतं बटण दाबायचं?"

"तसं... तसं बटण नाहीये, बाबा."

"नाय व्हय?" पुंडलिक म्हणाला. त्यानं आणखी एकदा कंट्रोलर उलटासुलटा करून पाहिला, खरंच नाही अशी खात्री केली. मग खांद्यावरची शाल काढून घडी केली, नारळासकट साहेबरावांच्या हातात दिली. कठड्याला धरून तो स्टेजच्या दोन पायऱ्या उतरला, वाकला, आणि खालच्या पायरीवर कंट्रोलर ठेवला.

"ही तुमची," तो म्हणाला. "वाजवा."

आणि खुर्च्यांमधल्या वाटेनं सरळ बाहेर चालू लागला.

टाळ्यांचा ठेका कधी मोडला ते कुणाला कळलं नाही. पडद्यावर बैल शेपट्या हलवत उभे होते. गेलेलं सगळं गाव वेशीत उभं होतं. साहेबराव म्हणाले, "अरे, कुणीतरी दाबा ते." पण पायरीवरचं ते काळं खेळणं उचलायला एकही फेटा पुढं झाला नाही. जो उचलेल तो हलगीवाला ठरणार होता. मानाची गोष्ट होती ना, मग एकालाही का नको होती?

पहिल्या रांगेतून सारजाबाईंचा आवाज आला, खणखणीत, माइकशिवाय. "डबा आणा रे कुणीतरी! त्या वर्षी बी आसंच झालतं!"

इंद्रजीतनं पडदा बंद केला.

रूपानं बापाला फाटकापाशी गाठलं. बायपासवर ट्रक धूळ उडवत होते. तिला त्याला मिठी मारायची होती, रागवायचं होतं, माफी मागायची होती. यातलं काहीच न करता तिनं रिक्षाला हात केला. मागं लॉनवर वाढपी मसालेभाताची पातेली उघडत होते, वास फाटकापर्यंत येत होता.

"आबा, जेवण तरी करायचं होतं," ती म्हणाली.

पुंडलिकानं रिक्षात बसताना तुटका कान खाजवला.

"त्या दिवशी बी पुरणाचा वास येत होता," तो म्हणाला. "लई भूक लागली होती. चल, घरी जाऊन भाकर टाक."